क्रांतिकारकांची भाऊबंदकी : अनुशीलन आणि युगांतर

मित्रहो,

१९३१ साली काँग्रेसच्या कार्यकारिणीनं यवतमाळच्या बापूजी अण्यांना लवाद म्हणून नेमलं आणि बंगालचा कज्जा त्यांच्याकडे सोपवला. बंगाल प्रांतिक काँग्रेसमध्ये तेव्हा दोन तट पडले होते. एका तटाचे पुढारी सुभाषचंद्र बोस, दुसऱ्याचे जतींद्रमोहन सेनगुप्त. वरवर पाहिलं तर भांडण निवडणुकांचं होतं. कोणत्या जिल्ह्यात कोणाची समिती खरी धरायची, प्रांतिक कमिटीत बहुमत कोणाचं, कलकत्ता महापालिकेत कोणाची माणसं बसवायची, असे सगळे वाद. पण या दोन तटांसाठी रात्रंदिवस राबणारे कार्यकर्ते कोण होते हे पाहिलं की निराळीच गोष्ट समोर येते. सुभाषबाबूंच्या पाठीशी युगांतरचे लोक होते आणि सेनगुप्तांच्या पाठीशी अनुशीलनचे. दोन्ही गुप्त क्रांतिकारी संघटना, दोन्ही एकाच घरात जन्मलेल्या. आणि त्यांचं वैर तोवर वीस-पंचवीस वर्षांचं जुनं झालं होतं.

या वैराबद्दल मला आज बोलायचं आहे. क्रांतिकारकांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा फाशी, गोळीबार आणि अंदमान एवढ्यावर थांबतो. त्यांच्या आपापसातल्या भांडणांचा विषय निघाला की आवाज खाली येतो, जणू त्यामुळे त्यांच्या त्यागाला बट्टा लागणार आहे. मला हे पटत नाही. विशीतली पोरं घरदार सोडून मरायला निघाली होती, आणि तरीही शेजारच्या गल्लीतल्या, तितक्याच निधड्या पोरावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. हे का झालं, हे समजून घेणं त्यांच्याविषयीच्या आदराचाच भाग आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे वैर विचारांचं फारसं नव्हतं. गुप्ततेची जी रीत त्यांनी पत्करली, तिच्यातून ते उपजलं. आणि ते सगळ्यात कडवट झालं भूमिगत असताना नव्हे, तर उघड राजकारणात आल्यावर.

आता मुळापासून पाहू. २४ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात अनुशीलन समिती स्थापन झाली. पुढाकार सतीशचंद्र बसू या तरुणाचा, आणि अध्यक्ष बॅरिस्टर प्रमथनाथ मित्र. नाव घेतलं बंकिमचंद्रांच्या लेखनातून. शरीर, मन, बुद्धी या सगळ्यांची जोपासना करावी, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात काय चाले? लाठी, तलवार, कुस्ती, पोहणं, आणि संध्याकाळी इतिहासाचं वाचन. बाहेरून पाहणाऱ्याला तो आखाडाच वाटावा.

त्याच सुमारास बडोद्याहून दुसरा धागा आला. अरविंद घोष तेव्हा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. त्यांनी जतींद्रनाथ बॅनर्जी या तरुणाला बंगालमध्ये धाडलं. या जतींद्रनाथानं बडोद्याच्या फौजेत राहून लष्करी शिक्षण घेतलं होतं. तो आणि सतीशबाबूंची समिती एकत्र आले. मागोमाग अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्र आले.

इथं एका मराठी माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. सखाराम गणेश देउस्कर. देवघरजवळ जन्मलेले, घरात मराठी, लेखणी बंगाली. देवघरच्या शाळेत बारींद्र त्यांचा विद्यार्थी होता. कलकत्त्यात समितीच्या तरुणांचे इतिहासाचे आणि अर्थकारणाचे वर्ग देउस्कर घेत. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. ब्रिटिशांनी देश कसा नागवला याचा हिशेब मांडणारं त्यांचं ‘देशेर कथा’ १९०४ साली निघालं आणि १९१० साली सरकारनं त्यावर बंदी घातली. काँग्रेसच्या सुरतेच्या अधिवेशनानंतर टिळकांविरुद्ध लिहा असा दबाव आला, तेव्हा ‘हितवादी’चं संपादकपद त्यांनी सोडून दिलं. हा माणूस मराठीत जवळजवळ अपरिचित राहिला, याची मला फार खंत आहे.

तर, जतींद्रनाथ आणि बारींद्र यांचं पहिल्यापासूनच जमेना. जतींद्रनाथांची शिस्त फौजेतली, बारींद्र मनस्वी, आणि दोघांभोवती आपापली पोरं. तक्रारी बडोद्यापर्यंत गेल्या. अरविंद स्वतः येऊन समेट घडवू पाहत होते, तरी मनं जुळली नाहीत. जतींद्रनाथ बाहेर पडले आणि पुढे संन्यास घेऊन निरालंब स्वामी झाले. संघटना जेमतेम दोन-तीन वर्षांची, एक गोळीही अजून सुटलेली नव्हती, आणि पहिली फूट पडून गेली होती. कारण काय, तर हुकूम कोणाचा मानायचा.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि सगळंच पेटलं. मार्च १९०६ मध्ये बारींद्र, भूपेंद्रनाथ दत्त वगैरे मंडळींनी ‘युगांतर’ हे साप्ताहिक काढलं. प्रमथनाथ मित्रांचं मत होतं की आधी माणसं तयार करा, वर्षानुवर्षं करा. बारींद्रांच्या मंडळींना धीर नव्हता, त्यांना बाँब हवा होता. हेमचंद्र दास कानुनगो आपली मालमत्ता विकून पॅरिसला गेले आणि तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवायची विद्या शिकले. सोबत होते आपले पांडुरंग महादेव बापट, ज्यांना आपण सेनापती म्हणतो. त्या विद्येचं टंकलिखित पुस्तक दोन वाटांनी हिंदुस्थानात आलं. कलकत्त्यात माणिकतल्याच्या बागेतल्या झडतीत ते पोलिसांना सापडलं आणि नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरीही सापडलं. मजकूर मूळचा एकच.

माणिकतल्याचा गट १९०८ च्या मे महिन्यात पकडला गेला. ३० एप्रिलला मुजफ्फरपूरला खुदीराम आणि प्रफुल्ल चाकी यांचा बाँब चुकीच्या गाडीवर पडला, त्यात केनेडी मायलेकी गेल्या, आणि दोनच दिवसांत बागेवर छापा पडला. अलीपूर खटला सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात शिरत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या विषयाची आहे. या मंडळींना पोलीस आणि न्यायालयं त्यांच्या साप्ताहिकाच्या नावानं ओळखू लागली. पुढे कलकत्ता आणि पश्चिम बंगालमधले जे जे विस्कळीत गट एकमेकांच्या आसऱ्यानं काम करत राहिले, त्या सगळ्यांना मिळून ‘युगांतर’ हेच नाव चिकटलं. म्हणजे या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाचं तर बारसंसुद्धा त्याच्या सभासदांनी रीतसर केलेलं नाही.

दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याचं तसं नव्हतं. त्यासाठी ढाक्याला जावं लागेल.

प्रमथनाथ मित्र आणि बिपिनचंद्र पाल यांच्या पूर्व बंगालच्या दौऱ्यानंतर ढाक्यात अनुशीलनची शाखा निघाली. चालक पुलिनबिहारी दास. ढाका कॉलेजात प्रयोगशाळेत काम केलेला माणूस, लाठीत अत्यंत निष्णात, आणि संघटना बांधण्याचं देणं असलेला. थोड्याच वर्षांत या शाखेच्या पूर्व बंगालभर शेकडो उपशाखा झाल्या आणि मूळ कलकत्त्याची समिती तिच्यापुढे नावापुरती उरली. पुलिनबाबूंची रीत काटेकोर. प्रत्येक शाखेनं अहवाल पाठवायचा, प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, तपासनीस फिरवायचे, आणि शेवटचा शब्द एकाचाच.

ढाक्याच्या समितीत दीक्षा कशी होई याचं वर्णन एका सभासदाच्या जबानीतून रौलट समितीच्या, म्हणजे क्रांतिकारी कटांच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या समितीच्या, १९१८ च्या अहवालात आलं आहे. जरा थांबून ते पाहण्यासारखं आहे. स्थळ ढाक्यातलं रमण्याचं सिद्धेश्वरी कालीमंदिर. मुलांनी व्रतस्थ राहून यायचं. देवीपुढे होम व्हायचा. मग प्रत्येकानं डावा गुडघा टेकून, भक्ष्यावर झेप घेण्याआधी सिंह बसतो तशा पवित्र्यात बसायचं. या बैठकीला प्रत्यालीढ म्हणतात. डोक्यावर गीता ठेवली जायची आणि गीतेवर तलवार. प्रतिज्ञा लिहिलेला कागद दोन्ही हातांत धरून ती मोठ्यानं वाचायची. प्रतिज्ञा एक नव्हती, चार होत्या. आद्य, अंत्य, प्रथम विशेष आणि द्वितीय विशेष. पहिलीत समिती कधी न सोडण्याचं आणि चालकाची आज्ञा तोंडातून शब्द न काढता पाळण्याचं वचन. दुसरीत समितीतली गोष्ट कोणाजवळ न बोलण्याचं आणि चालकाला कळवल्याशिवाय गाव न सोडण्याचं. विशेष प्रतिज्ञेत तर आईबाप, भावंडं, घर यांच्या मायेनं बांधलं न जाण्याची शपथ.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं हे सगळं कालीपुढे उच्चारलं की त्याच्या मनात काय होत असेल याचा विचार करा. त्याला देशाची दीक्षा मिळाली, हे खरंच. पण त्याचबरोबर तो एका माणसाशी बांधला गेला. समिती सोडणं म्हणजे देशद्रोह, आणि समिती म्हणजे तिचा चालक. समजा, याच मुलाचा वर्गमित्र गावातल्या दुसऱ्या दादाच्या गटात असला, तर तो कोण? मित्र की परका? त्याच्याशी कामाबद्दल बोलायला शपथेची आडकाठी. तो खरंच काही करतो की नुसता मिरवतो हे तपासायला मार्ग नाही. तो पोलिसांना फितूर असल्याची कुजबूज कानावर आली तर ती खोटी ठरवायलाही मार्ग नाही. उघड संघटनेत वाद झाला तर सभा भरते, ठराव होतो, वर्तमानपत्रात पत्र छापता येतं. गुप्त संघटनेत यातलं काहीच नसतं. संशय आला की तो मुरतच जातो. या वैराचं मूळ मला इथं दिसतं.

युगांतरच्या बाजूची रीत याच्या उलट होती. तिथं मध्यवर्ती असं काही फारसं नव्हतं. जिल्ह्याजिल्ह्यात एकेक दादा, त्याच्याभोवती त्यानं निवडलेली मुलं, आणि दादादादांमध्ये मैत्रीचे धागे. १९०८ नंतर हे धागे हातात धरले जतींद्रनाथ मुखर्जींनी, म्हणजे बाघा जतीननी. वाघाशी सुऱ्यानं झुंजलेला हा माणूस बंगाल सरकारच्या सचिवालयात लघुलेखक होता.

दोन रीतींची परीक्षा न्यायालयात झाली. १९१० साली सरकारनं दोन मोठे खटले भरले. हावडा-शिवपूरच्या खटल्यात जतींद्रनाथांसह पुष्कळ आरोपी होते, पण गट इतके सुटे सुटे होते की हा सगळा एकच कट आहे हे सरकारला सिद्ध करता आलं नाही आणि बहुतेक जण सुटले. ढाका कटाच्या खटल्यात मात्र नोंदी होत्या, नियमावल्या होत्या, प्रतिज्ञेचे कागद होते. पुलिनबाबूंना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मग ढाक्याची रीत चुकीची म्हणायची का? मी तसं म्हणणार नाही. कारण पुलिनबाबू गेल्यावरही ढाक्याची समिती मोडली नाही. त्रैलोक्यनाथ चक्रवर्ती, प्रतुलचंद्र गांगुली, नरेंद्रमोहन सेन ही दुसरी फळी तयार होती. तिचे हात काशीपर्यंत पोहोचले आणि शचींद्रनाथ सान्यालांनी तिथं शाखा काढली. नागपूरहून १९१० साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला गेलेले केशव बळीराम हेडगेवार याच अनुशीलनच्या संपर्कात आले. दोन्ही रीतींना आपापलं बळ होतं, आणि दुखणं असं की दोन्हीकडच्यांना दुसऱ्याचं बळ मान्य करवत नव्हतं. ढाकेकरांच्या लेखी कलकत्त्याची मंडळी ढिली आणि बोलघेवडी. कलकत्तेकरांच्या लेखी ढाक्याची मंडळी एककल्ली, आतल्या गाठीची.

आपल्याकडे महाराष्ट्रात असं वैर फारसं वाढलं नाही याचं कारण मला वाटतं साधं आहे. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी जॅक्सनचा वध झाला आणि त्यानंतरच्या खटल्यांत अभिनव भारतची इथली साखळी उकलली गेली. वैर वाढायलाही काळ लागतो, संघटना जगावी लागते. बंगालमध्ये त्या जगल्या.

वैराचा परिणाम प्रत्यक्ष कामावर काय झाला? डिसेंबर १९०७ पाहा. ६ तारखेला नारायणगडजवळ बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर फ्रेझरची आगगाडी उडवायचा प्रयत्न झाला, तो बारींद्रच्या मंडळींचा. २३ तारखेला ग्वालंदो स्थानकावर ढाक्याचे माजी जिल्हाधिकारी ॲलन यांच्यावर गोळी झाडली गेली. बोट दाखवलं गेलं ढाक्याकडे. एकाच महिन्यात दोन ठिकाणी दोन घाव, आणि त्यांची एकत्र आखणी झाल्याची कुठे खूण नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. २६ ऑगस्ट १९१४. महायुद्ध सुरू होऊन महिनाही झालेला नाही. कलकत्त्यातली रोडा कंपनी, बंदुकांचे व्यापारी. त्यांचा श्रीशचंद्र मित्र नावाचा कारकून होता, त्याला सगळे हाबू म्हणत. बंदरावर आलेला माल सोडवून वखारीत आणणं हे त्याचं काम. त्या दिवशी त्यानं जकात कचेरीतून २०२ पेट्या सोडवल्या आणि वखारीत १९२ पोहोचवल्या. उरलेल्या आणतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. गाडीवानाच्या वेषात हरिदास दत्त हा क्रांतिकारक होता आणि त्याच्या बैलगाडीवर त्या १० पेट्या होत्या. आत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं. हे पिस्तूल असं की त्याची लाकडी पेटीच मागे दस्त्यासारखी जोडता येई, म्हणजे खांद्याला लावून ते बंदुकीसारखं चालवता येई.

या कामात कलकत्त्याची आत्मोन्नती समिती होती, तिचे पुढारी बिपिनबिहारी गांगुली, आणि ढाक्याच्या हेमचंद्र घोषांच्या मुक्तिसंघाचे लोकही होते. पुढे काय झालं ते रौलट अहवालात आहे. ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच ९ वेगवेगळ्या क्रांतिकारी गटांत वाटली गेली, आणि त्यानंतरच्या ५४ घटनांमध्ये ती वापरली गेली. हे आकडे सरकारनं भीतीपोटी नोंदवले, पण मला त्यात दुसरं काही दिसतं. ज्यांना एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं त्या गटांनी हत्यारं वाटून घेतली. हातात वाटण्याजोगं काही असलं आणि ते लगेच वापरायचं असलं, तर ही माणसं एकत्र येऊ शकत होती.

त्याच्या वर्षभर आधी, १९१३ मध्ये, दामोदर नदीला मोठा पूर आला. मदतकार्यासाठी वेगवेगळ्या गटांची मुलं गेली आणि जतींद्रनाथांना सगळ्यांशी उघडपणे बोलायची संधी मिळाली. बरेच गट त्यांच्याभोवती जमले. मदारीपूर हा ढाक्याच्या बाजूचा मुलूख, पण तिथल्या पूर्णचंद्र दासांचा गटही जतींद्रनाथांकडे आला. ढाक्याची अनुशीलन मात्र वेगळीच राहिली.

१९१५ सालची गोष्ट याच्या पुढची. उत्तर हिंदुस्थानात रासबिहारी बोस लष्करात उठाव घडवू पाहत होते. त्यांच्यामागे सान्यालांचं काशीचं जाळं, पंजाबातले गदरवाले, आणि आपला विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचा. बंगालमध्ये जतींद्रनाथ जर्मन शस्त्रांची वाट पाहत होते. नरेंद्रनाथ भट्टाचार्य, जे पुढे मानवेंद्रनाथ रॉय म्हणून जगाला माहीत झाले, ते त्यासाठी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, गेले. रासबिहारी आणि जतींद्रनाथ यांच्यात बोलणं होतं, आदर होता. पण ढाक्याची संघटना, जिच्याजवळ सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कवायती माणसं होती, ती जर्मन योजनेत संघटना म्हणून उतरली नाही. रासबिहारींचा लाहोरच्या उठावाचा बेत फितुरीनं फसला. पिंगळे मेरठच्या छावणीत बाँबसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबरला लाहोरला फासावर गेला. जर्मन जहाज आलंच नाही. ९ सप्टेंबर १९१५ रोजी बालासोरजवळ जतींद्रनाथ आणि चार साथीदार पोलिसांशी झुंजले. चित्तप्रिय रायचौधुरी जागीच गेला, जतींद्रनाथ दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेले. मनोरंजन सेनगुप्त आणि नीरेन दासगुप्त यांना फाशी झाली. हे तिघे तरुण पूर्ण दासांच्या मदारीपूर गटातले.

ढाक्याची माणसं सोबत असती तर निकाल बदलला असता का? मला तसं वाटत नाही, कारण सरकारकडे आधीच खबर होती आणि शस्त्रंच आली नाहीत. पण त्या पाच जणांच्या मागे अख्ख्या बंगालची एक फळी उभी नव्हती, ही गोष्ट मनाला लागते.

युद्ध संपलं, कैदी सुटू लागले, आणि गांधींचा असहकार आला. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनाच्या सुमारास चित्तरंजन दासांनी मध्यस्थी केली. युगांतरच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी काही काळ शस्त्रं बाजूला ठेवून काँग्रेसच्या कामात उतरायचं ठरवलं. पुलिनबाबूंनी उलट असहकाराला उघड विरोध केला आणि त्यासाठी भारत सेवक संघ काढला. अनुशीलनमधल्या अनेकांना हे रुचलं नाही आणि पुलिनबाबू हळूहळू बाजूला पडले. पण तोवर युगांतरची माणसं जिल्हा काँग्रेस कमिट्यांत जाऊन बसली होती. अनुशीलनची मंडळी मागून आली तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या.

इथून पुढचा काळ मला या सगळ्या इतिहासात सर्वांत क्लेशदायक वाटतो. भूमिगत असताना या दोन संघटनांकडे वाटून घ्यायला होतं काय? फाशी, तुरुंग, उपासमार. १९२४ नंतर मात्र कलकत्ता महापालिका स्वराज्य पक्षाच्या हातात आली. चित्तरंजन दास महापौर झाले, सत्तावीस वर्षांचे सुभाषबाबू मुख्य कार्यकारी अधिकारी. तुरुंगातून सुटलेल्या तरुणांना महापालिकेत, तिच्या शाळांत नोकऱ्या मिळू लागल्या. वर्षानुवर्षं कोठडीत काढलेल्यांना भाकरी मिळाली तर त्यात गैर काय? काहीच नाही. पण कोणाच्या शिफारशीनं मिळाली, हा प्रश्न लगेच उभा राहिला. आपल्याकडे भाऊबंदकीत माणसं बांधावरून कोर्टात जातात, तसंच झालं. घर एक होतं तोवर धुसफूस, आणि वाटणीला काही आल्यावर उघड वैर.

दास होते तोवर त्यांच्या शब्दाला दोन्हीकडे मान होता. १६ जून १९२५ ला ते गेले. सुभाषबाबू तेव्हा मंडालेच्या तुरुंगात. गांधींच्या सल्ल्यानं सेनगुप्तांकडे महापौरपद, प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद आणि विधिमंडळ पक्षाचं नेतृत्व, अशी तिन्ही पदं आली. मे १९२६ मध्ये कृष्णनगरच्या प्रांतिक परिषदेत अध्यक्ष बीरेंद्रनाथ शासमल यांनी काँग्रेसमध्ये शिरलेल्या गुप्त मंडळ्यांवर भाषणात टीका केली, तर एवढा गदारोळ झाला की त्यांनाच अध्यक्षपद सोडून निघून जावं लागलं. शासमल मेदिनीपूरचे, शेतकऱ्यांत काम केलेले, सचोटीचे नेते. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं, असं माझं मत आहे.

१९२७ मध्ये सुभाषबाबू सुटले आणि तट पक्के झाले. युगांतर त्यांच्यामागे, अनुशीलन सेनगुप्तांमागे. या वाटणीत तत्त्वाचा भाग किती होता? अनुशीलनवाले सेनगुप्तांच्या गांधीनिष्ठेवर भाळले होते असं कोणी म्हणणार नाही. युगांतर तिकडे आहे म्हणून आपण इकडे, एवढंच त्याचं कारण. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बंगालमध्ये तो चालवायलाही दोन वेगवेगळ्या समित्या होत्या. आणि मग १९३१ मध्ये बापूजी अण्यांची नेमणूक झाली.

चितगावची गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. सूर्य सेन, ज्यांना सगळे मास्टरदा म्हणत, ते १९२९ साली चितगाव जिल्हा काँग्रेसचे चिटणीस होते. त्यांचा गट युगांतरच्या बाजूचा. गावात अनुशीलनचाही गट होता. जिल्हा काँग्रेसच्या निवडणुकीवरून दोन्हीकडच्या पोरांत मारामारी झाली आणि एका तरुण कार्यकर्त्याचा त्यात जीव गेला. इंग्रजांशी लढायला घराबाहेर पडलेला मुलगा काँग्रेसच्या निवडणुकीत मारला गेला. सगळ्या बंगालमध्ये तरुण पिढी तेव्हा दादांना विटली होती. दोन्ही संघटनांतली काही मुलं फुटून एकत्र येत होती आणि विचारत होती की तुम्ही नुसती माणसं जमवता, करता काय? याआधी १९२५ च्या दक्षिणेश्वर बाँब प्रकरणातही दोन्हीकडचे तरुण एका घरात सापडले होते. १८ एप्रिल १९३० च्या रात्री मास्टरदांनी चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला केला, तो या कोंडीतून वाट काढून. दादांच्या संमतीची वाट त्यांनी पाहिली नाही आणि गावातल्या दुसऱ्या गटालाही त्यात घेतलं नाही.

१६ सप्टेंबर १९३१ रोजी हिजलीच्या बंदिवासात पहारेकऱ्यांनी नजरकैद्यांवर गोळीबार केला. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त मारले गेले. त्या धक्क्यानं काही काळ भांडण थांबलं. सुभाषबाबूंनी प्रांतिक काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. निषेधाच्या सभेला स्वतः रवींद्रनाथ आले. पण सवयी इतक्या लवकर जात नाहीत. बक्सा आणि देवळीच्या छावण्यांत नजरकैदी शेकड्यांनी होते आणि तिथंही गटागटांच्या चुली वेगळ्या होत्या. एकाच तारेच्या कुंपणाआड, एकाच सरकारचे कैदी, आणि भात वेगवेगळ्या पातेल्यात शिजत होता.

याच छावण्यांत मात्र दुसरंही काही घडलं. वाचायला वेळ होता. मार्क्स आला, रशिया आली, शेतकरी-कामगारांचा विचार आला. बरेच जण कम्युनिस्ट होऊन बाहेर पडले आणि त्यांच्यासाठी अनुशीलन की युगांतर हा प्रश्नच मागे पडला. हे वैर समेटानं कधी मिटलंच नाही. पुढच्या पिढीला ते बिनमहत्त्वाचं वाटू लागलं, तेव्हा ते विझलं. १९३८ साली युगांतरनं आपण संघटना म्हणून विसर्जित झाल्याचं जाहीर केलं आणि तिचे लोक काँग्रेसमध्ये मिसळले. अनुशीलनच्या मोठ्या गटानं मार्च १९४० मध्ये रामगडला क्रांतिकारी समाजवादी पक्ष काढला, तो आजही आहे. आणि ज्या युगांतरनं सुभाषबाबूंची इतकी वर्षं पाठराखण केली, तिच्यातल्या अनेक ज्येष्ठांनी १९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून सुभाषबाबूंचा श्रेष्ठींशी संघर्ष झाला तेव्हा श्रेष्ठींची बाजू धरली.

शेवटी अभ्यासाबद्दल थोडं, कारण इथं बरेच विद्यार्थी बसले आहेत. या विषयाची साधनं दोन प्रकारची. एक, पोलिसांचे आणि सरकारचे अहवाल, ज्यांना सगळीकडे एकच मोठा कट दिसतो. दुसरी, क्रांतिकारकांच्या आठवणी. या आठवणीत ते वैर अजून जिवंत आहे. समिती मूळची कोणाची, रासबिहारी कोणाचे, प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं मिळतील. म्हणून एकाच बाजूचं वाचून मत बनवू नका.

दोन नावं सुचवतो. अनुशीलनचे त्रैलोक्यनाथ चक्रवर्ती, ज्यांना सगळे महाराज म्हणत, आयुष्यातली सुमारे तीस वर्षं तुरुंगात. आणि युगांतरचे भूपेंद्रकुमार दत्त, ज्यांनी बिलासपूरच्या तुरुंगात ७८ दिवस उपोषण केलं. फाळणी झाल्यावर या दोघांनीही पूर्व बंगाल सोडला नाही. दत्त पाकिस्तानच्या घटना समितीत बसले आणि १९४९ साली राज्याला धर्माचं अधिष्ठान देणाऱ्या ठरावाला त्यांनी तिथं उभं राहून विरोध केला. महाराज १९५४ साली पूर्व पाकिस्तानच्या विधिमंडळावर निवडून आले. दोघांनीही बंगालीत आठवणी लिहिल्या आहेत. १९१५ आणि १९२० या दोन वर्षांबद्दल दोघांनी काय लिहिलं आहे ते शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि हातात कागद-पेन्सिल ठेवा.